आदर्श वाचन

पिवळी पट्टी अजून तिसऱ्याच ओळीवर होती. अभ्यासात अडणाऱ्या मुलांना वेगळे शिकवणाऱ्या सिस्टर एल्सींनी दिलेली, बोटभर रुंद, पारदर्शक प्लास्टिकची – ओळ हरवू नये म्हणून वाचताना पानावरून खाली सरकवत न्यायची – आणि ममताचा आवाज मात्र परिच्छेद ओलांडून केव्हाच पुढे गेला होता, स्वच्छ, संथ, प्रत्येक स्वल्पविरामाला नेमका तेवढाच थांबणारा. आठवीचे वर्गशिक्षक वामनराव खिडकीशी उभे राहून नेहमीच्या समाधानाने ऐकत असताना ते वाक्य आले.

"नदी कोरडी पडली, तरी गावाने तिच्याकडे पाठ फिरवली नाही."

हे वाक्य पुस्तकात नव्हते.

पुस्तकात होते – 'नदीला पाणी नसले तरी गावातील लोकांचे नदीवरील प्रेम हे कायम राहिलेले होते.' असले पांगळे गद्य मुलांच्या कानांवर घालणे हा अपराध आहे, हे वामनरावांचे मत सगळ्या शाळेला ठाऊक होते. पण धड्याचे आदर्श वाचन करताना आपण अशी वाक्ये तिथल्या तिथे दुरुस्त करतो, एकवीस वर्षे करत आलो, हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. गुरुवारी त्यांनी हे वाक्य दुरुस्त केले होते. आज ममता ते पुस्तकातून 'वाचत' होती... त्यांच्याच विरामांसकट, 'पाठ'वर दिलेल्या किंचित जोरासकट.

"थांब," ते म्हणाले. "पुढचा धडा काढ. पहिली ओळ वाच."

तो धडा त्यांनी अजून वर्गात वाचला नव्हता. पान उलटले. पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली गेली. ममताचे ओठ हलले – आवाज नाही. मागच्या बाकावरून आयुष म्हणाला, "सर, रेडिओ बंद पडला हिचा!" वर्ग हसला, मग घंटा झाली.

ती व्हरांड्यात त्यांच्या मागोमाग आली.

"सर, सिस्टरले नका सांगू."

"काय नको सांगू?"

"समजलं ना तुमाले."

"कधीपासून चालले आहे हे?"

"पयलेपासून. तुमी एक डाव वाचलं का मले पाठ होते. पुस्तकातलं अक्षर लावू लावू वाचलं, तं ओळ सरेपर्यंत सुरवातीचं इसरते." जरा थांबून, "घरी आजीले रोज पेपर वाचून दाखवा लागते. फोटो पाहून मनानंच सांगणं होते. काल बोरी अरबपाशी वाघ निंगाला म्हणून सांगतलं... आता आजी आंगणात निजत नाई."

वामनरावांना हसू येणार होते. त्यांनी ते आवरले.

"सिस्टर तुझ्या भल्याचेच करतील."

"सिस्टर चांगल्या हायेत. पण त्यायच्या खोलीत गेलं का पोरं म्हणते, दवाखान्यात गेली. अन् बा साऱ्या तांड्यात सांगते, सरनं म्हटलं, मायी पोरगी शाळेत पयली वाचते."

सरांनी म्हटले होते खरेच. जूनमध्ये तिचा बाप पूनमसिंग दाखला काढायला आला होता, पोरीला तांड्याजवळच्या शाळेत घालतो म्हणत. आणि वामनरावांनी त्याला, काहीशा अलंकारिक भाषेत, सांगितले होते की असे वाचन आपण इतक्या वर्षांत ऐकले नाही, हिला इथून हलवू नका. त्या माणसाने त्यांचे दोन्ही हात धरले होते. तो दाखला न नेताच परत गेला होता.

शिक्षकखोलीत कोणी नव्हते. त्यांनी खिशातला घडी केलेला अर्ज टेबलावर उघडला. हा अर्ज गेल्याशिवाय नागपूरला ममताची तपासणी होणार नव्हती. तपासणीवाचून प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्रावाचून दहावीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही. आणि त्या अर्जावर वामनरावांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले होते – 'वाचन: उत्कृष्ट. लेखनात केवळ आळस.' आठ दिवसांपूर्वी सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी सिस्टरांना निरुत्तर केले होते. ममताला वाचनाचीच अडचण आहे, हे सिस्टरांचे निदान त्यांनी खोडून काढले होते, मुद्द्यामागून मुद्दा... आणि सिस्टर एवढेच म्हणाल्या होत्या, "सर, भांडा तुम्ही, पण एक बार नवीन पान देऊन बघा ना." आज सिस्टरांनी तो अर्ज पुन्हा विचार करण्यासाठी त्यांच्याकडे परत पाठवला होता. चार वाजता तो घेऊन त्या नागपूरला निघणार होत्या.

नवीन पान. तिला शिकवत होते त्या दोन वर्षांत एकदाही नाही – शिकवलेल्या धड्यावरच वाचन घ्यायचे, ही पद्धत. आणि पद्धतीत दोष नाही, ते मनाशी मांडू लागले, कारण पूर्वी विद्या कानानेच येई, पाठांतर ही बुद्धीच आहे, जिला एका श्रवणात अख्खा धडा उतरतो तिला अपंग ठरवणारे आपण कोण... मांडणी निर्दोष होती. तिच्या शेवटी मात्र ममताचा सहामाहीचा पेपर उभा होता – अर्धी पाने कोरी, उरलेल्या अर्ध्यांवर खोडाखोड – आणि त्याच्या कडेला लाल शाईत 'लक्ष दे'. कुठे देणार होती ती लक्ष? सगळे तर माझ्या तोंडाकडे दिलेले होते. आणि मी डोळे मिटून ऐकायचो, शाबास म्हणायचो... कोणाला म्हणायचो?

त्यांनी 'उत्कृष्ट'वर एक आडवी रेघ ओढली. पुढे काय लिहायचे? 'येत नाही' – हे खोटे होते. 'येते' – हेही. पूनमसिंगचे हात आठवले. पेन उघडेच राहिले, शेवटच्या तासाची घंटा झाली, आणि अर्ज पुन्हा खिशात गेला.

शेवटचा तासही आठवीवरच होता. नवा धडा. वर्ग पुस्तके उघडून बसला. ममताचेही उघडे होते, पण ती पाहत होती त्यांच्या ओठांकडे, मान किंचित पुढे काढून, पाण्याची बारीक धार ओंजळीत धरताना माणूस पाहतो तसे.

ते वाचू लागले. पहिल्याच ओळीत एक फोफसे वाक्य आले. जीभ सवयीने ते उचलून नीट करू पाहत होती, त्यांनी करू दिले नाही. छापले होते तसे वाचले. पुढचेही तसेच. दरवाज्यात शिपाई येऊन उभा राहिला – "सर, सिस्टर अर्ज मागून राह्यल्या" – त्यांनी हातानेच त्याला थांबवले आणि वाचत राहिले. ममताचे ओठ त्यांच्या एक शब्द मागून हलत होते. आणि मग पानाच्या मध्यावर कुठेतरी त्यांच्या लक्षात आले, की आपण नेहमीपेक्षा सावकाश वाचतो आहोत, पुष्कळच सावकाश, प्रत्येक शब्द तिला उचलता येईल असा खाली ठेवत... हे तिला सांभाळणे होते की लपवणे, याचा युक्तिवाद त्यांना कोणत्याच बाजूने सुचेना. आणि वाचन थांबवणे तर त्याहून सुचेना.