नदीपलीकडचा पत्ता

"बाबांचं आयडाहोचं सगळं पक्कं झालंय ना?" मिरेनने विचारलं. नाकागावाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ओरेगॉन राज्याच्या कडेला असलेल्या ऑन्टारिओ गावातल्या कांदेवाल्यांचे कर बाईच बघत. चष्मा उतरला की बातमी चांगली नसते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"पक्कं म्हणजे काय गं?"

"म्हणजे ते आता तिकडचे रहिवासी. त्यांच्या पश्चात ओरेगॉनला इस्टेटीवरचा कर द्यायला नको. जमीन विकावी लागणार नाही."

"जमीन कुठेय?"

"कुठे म्हणजे? इथेच. कालव्याला लागून."

"मग?"

मिरेन तिसरीच्या मुलांना शिकवायची. उत्तर येत नसलं की मूल कसं फळ्याकडे बघत राहतं, ते तिच्या ओळखीचं होतं. आत्ता ती तशीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

"हे बघ," बाई सावकाश म्हणाल्या. "तुझा बाप फेर्मिन ओरेगॉनचाच राहिला असता, तर त्याच्यामागे त्याची इथली जमीन आणि बँकेतले पैसे, सगळंच हिशेबात आलं असतं. तो आयडाहोचा झाला, म्हणून बँकेतले पैसे सुटले. पण जमीन, घर, शेडमधली यंत्रं इथेच आहेत. त्यांच्यावर ओरेगॉन कर घेणारच. मालक नदीपलीकडे राहो, नाहीतर चंद्रावर. माणूस उठून जातो, पोरी. जमीन उठत नाही."

"मग फायदा काहीच नाही झाला?"

"बँकेत किती आहेत त्याच्या?"

"एखादा जुना ट्रॅक्टर येईल एवढे."

"मग तेवढ्यावरचा कर वाचला." बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "तेव्हा मला का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, मला कळलंय."

दोन वर्षांपूर्वी शाळेत डबा खाताना कुणाच्या तरी काकांची गोष्ट निघाली होती. काका ओरेगॉन सोडून दुसऱ्या राज्यात गेले आणि त्यांच्या पोरांचा मोठा कर वाचला. त्या काकांची सगळी पुंजी शेअर्समध्ये होती, जमिनीचा तुकडाही नव्हता. पण हे तेव्हा कुणी बोललं नाही आणि मिरेननेही विचारलं नाही. माणूस गेल्यावर त्याची इस्टेट मोठी असेल तर ओरेगॉन त्यातला वाटा घेतं, स्नेक नदीपलीकडचं आयडाहो घेत नाही, एवढं तिने लक्षात ठेवलं. आणि नदीवर पूल होताच.

फेर्मिन स्पेनमधल्या बास्क डोंगरांतून मिसरूड फुटायच्या वयात मेंढ्या राखायला इकडे आलेला. कितीतरी वर्षं मेंढपाळांच्या गाडीत झोपून त्याने ती जमीन घेतली होती. आता ती कसायला दुसऱ्याला दिली होती, तरी रोज सकाळी बांधावर चक्कर मारल्याशिवाय त्याला कॉफी जात नसे. पण मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पलीकडे राहायला गेलात तर जमीन अखंड राहील," तेव्हा त्याने एकच विचारलं, "कधी निघायचं?"

मिरेनने सगळं नेटाने केलं. पलीकडच्या फ्रूटलंडमध्ये दोन खोल्या, तिथला डॉक्टर, तिथलं मतदान, गाडीला तिथली नंबरप्लेट. आयडाहोच्या नंबरप्लेटवर बटाट्यांची जाहिरात असते. पहिल्या रविवारी फेर्मिन ऑन्टारिओत बास्क मंडळाच्या हॉलवर पत्ते खेळायला आला, तेव्हा त्याचा जोडीदार सिप्रियानो दारातूनच ओरडला, "अरे, आपला कांदा नासला की रे! बटाटा होऊन आला!"

"बटाटा झालो तरी तुझे पत्ते बघून रडूच येतं मला," फेर्मिन म्हणाला. दोघं एका बाजूने म्यूस हा पत्त्यांचा डाव खेळायचे, तेही मेंढ्या राखायच्या दिवसांपासून. हातात काय आहे ते भुवई उडवून, ओठ चावून एकमेकांना सांगायचे.

मिरेनला मात्र धास्ती. राज्याचा माणूस येईल, विचारेल, हे कुठले आयडाहोचे, हे तर रोज इकडेच असतात. ती वर्गात हजेरी घ्यायची, तशी ती बाबांच्या फेऱ्यांची हजेरी घेऊ लागली. आधी रोजची चक्कर बंद झाली, मग रविवार एकाआड एक झाला.

या हिवाळ्यात सिप्रियानो अंथरुणाला खिळला. फेर्मिनने फोन करून विचारलं होतं, "सिप्रीला बघून येऊ का गं? लगेच परत येईन."

"बाबा, या महिन्यात फार फेऱ्या झाल्यात. पुढच्या आठवड्यात जा ना."

"बरं," तो म्हणाला होता.

पुढच्या आठवड्यात फेर्मिन आला, तो थेट चर्चमध्ये, सिप्रियानोच्या अंत्यविधीला. मातीनंतर हॉलवर सगळ्यांसाठी जेवण होतं. तो जेवायलाही थांबला नाही. "आजची फेरी धरू नकोस," एवढंच त्याने मिरेनला सांगितलं.

हे तिने आज नाकागावाबाईंना सांगितलं. बाईंचा हात थांबला.

"भेटायला जाऊ नये असं कुठल्या कायद्यात आहे? घर इकडे ठेवून वर्षाचा बराचसा काळ इकडेच काढला, तर विचारतील. रविवारी पत्ते खेळायला, आजारी मित्राला बघायला आलेल्या म्हाताऱ्याला कोण कशाला विचारतंय?"

मिरेन गाडीत बसली. न सांगताही चाललं असतं. आपण पोरीची जमीन वाचवतोय, या एका समाधानावर बाबा त्या दोन खोल्यांत राहत होते. तेच काढून घेतलं तर त्यांच्यापाशी काय उरणार? पण सांगितलं नाही, तर ते तिथेच डोळे मिटणार, बांधापासून दूर, आणि कशासाठी? पुलावर लागेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं. पूल उतरल्यावरही ठरलं नव्हतं.

फेर्मिन लसणाचं सूप ढवळत होता. "बस. पाव शिळाच लागतो याला, ताजा असेल तर मजा नाही. काय म्हणाली नाकागावा? खूश झाली असेल! तिला म्हणावं, मेंढपाळालाही डोकं असतं."

"बाबा, माझं चुकलं."

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जमीन जिथली, कर तिथला. जाण्यायेण्यावर कुणाची बंदी नव्हती. ती बंदी तिचीच होती.

त्याने गॅस बंद केला. भांड्यावर झाकण ठेवलं.

"म्हणजे मी इकडे असलो काय, तिकडे असलो काय."

"जवळपास सारखंच."

"आणि सिप्रीकडे गेलो असतो तरी चाललं असतं."

"हो, बाबा."

ती वाट बघत होती, की ते ओरडतील. तिच्या लहानपणी मेंढी हरवली तरी त्यांचा आवाज कालव्यापलीकडे जायचा.

"मी त्याला फोन केला होता," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, पोरीची जमीन वाचवायचीय, म्हणून येत नाही, राग मानू नकोस. तो म्हणाला, बरोबर करतोयस, येऊ नकोस. धाप लागली होती त्याला, तरी दोनदा म्हणाला." त्याने टोपी घेतली. "चल. त्याला खरं काय ते सांगायला पाहिजे."

"आणि शेतावरच्या घरी?"

"घरी उद्या जाऊ."

दफनभूमीच्या फाटकाशी तिने गाडी थांबवली आणि दार उघडायला गेली. "तू बस," तो म्हणाला.

नव्या मातीवर अजून गवत आलं नव्हतं. फेर्मिनने टोपी काढून छातीशी धरली आणि बोलायला लागला. मध्येच तो थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा बोलायचा. एकदा त्याने हात उचलून नदीच्या दिशेला दाखवलं, एकदा गाडीकडे. वाऱ्याने त्याचे पांढरे केस उभे राहत होते.

गाडीची काच वर होती. मिरेनचा हात बटणापर्यंत गेला, आणि मग तिने तो मांडीवर ठेवला.