हंसातली हवा

फुगवायच्या प्लास्टिकच्या हंसावर लाइटची माळ कशी बांधायची, हे जिंतुरात वैजयंतीइतकं नीट कुणालाच येत नव्हतं. त्यात तिचं फार कौतुक करायला नको, कारण जिंतुरात दुसरं कुणी ते करतच नव्हतं. आता आतापर्यंत लग्नाचं लाइटिंग म्हणजे कमान, झाडांवर सोडलेल्या माळा आणि स्टेजमागं फिरणारं चक्र, एवढ्यावर भागायचं. मग पोरीबाळींनी मोबाइलवर कुठल्या कुठल्या हळदी पाहिल्या, आणि शेततळं असलेला प्रत्येक बाप पाण्यात दिव्यांचे हंस सोडायला तयार झाला. वैजयंतीचा नवरा शिवकुमार धंद्यातला हुशार माणूस. त्यानं ऑनलाइन एक पांढरा हंस, दोन गुलाबी फ्लेमिंगो आणि एक कलिंगडाची फोड मागवली. फ्लेमिंगोंचे जिंतुरानं पहिल्याच दिवशी बगळे करून टाकले, आणि कलिंगडाची फोड आजतागायत कुणी मागितलेली नाही.

या कामात टाचणी चालत नाही, हे उघडच आहे. चिकटपट्टी पाण्यात सुटते. विजेची तार पाण्याजवळ न्यायचा प्रश्नच नाही, म्हणून माळ सेलवरची घ्यायची, सेलची डबी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून मानेच्या बेचक्यात बसवायची, आणि माळ नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं आवळायची. खरी मेख मात्र हवेत आहे. पूर्ण भरलेल्या हंसावर माळ बांधली, तर संध्याकाळच्या गारव्यानं आतली हवा आकसते आणि माळ सुटलेल्या नाडीसारखी पाण्यात लोंबत राहते. म्हणून हंस आधी अर्धा भरायचा, त्यावर माळ बांधायची आणि मग उरलेली हवा भरायची. म्हणजे माळ मनगटात बांगडी बसावी तशी अंगात बसते. ही युक्ती वैजयंतीची स्वतःची होती, आणि ती पाहून पहिल्यांदा मान डोलावली ती तिच्या सासऱ्यांनी, नागप्पांनी.

नागप्पांना घरात सगळे अप्पा म्हणत. भोंगे भाड्यानं द्यायचं दुकान त्यांनीच कधीकाळी सुरू केलं होतं. नवी सून विजेच्या तारा सोलायला बसली तेव्हा भावकीत कुजबुज झाली, तर त्यांनी सगळ्यांदेखत आपला टेस्टर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझे डोळे गेले आता. हिचे हायेत." वैजयंतीचे वडील ती लहान असतानाच वारले होते. ते असते तर असेच असते, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि नंतर कधी वेगळं वाटावं असं अप्पांनी काही केलं नाही.

तुळशीची लग्नं लागली आणि येलदरी रस्त्याच्या एका शेतावर हळदीचं काम मिळालं. तळं ऐसपैस, चहूबाजूंनी मातीचा बांध. दोन्ही बगळे भरून झाले आणि हवा भरायचा पंप जळाला. शिवकुमारनं कपाळाला हात लावला. अप्पा बांधावर मांडी घालून बसले.

"आण इकडं. ट्रॅक्टरच्या डिझेलच्या नळ्या तोंडानं फुकून साफ केल्यात म्या. ह्ये काय हाय?"

अर्धा हंस त्यांनी वैजयंतीच्या समोर भरला, मध्ये मध्ये थांबून, गाल फुगवून, बघणाऱ्या बायकांना हसवत. तिनं माळ बांधली, गाठी मारल्या आणि ती स्टेजकडं पळाली, कारण तिकडं पडद्यामागची दिव्यांची पट्टी लागत नव्हती. परत आली तेव्हा हंस ताठ मानेनं उभा होता आणि अप्पा बांधाला टेकून डोळे मिटून बसले होते. "झालं बघ," एवढंच ते म्हणाले. दिवेलागणीला हंस पाण्यात सोडला, नवरीनं त्याच्यासोबत ढिगानं फोटो काढले, आणि सगळे खूश होऊन जेवायला बसले.

सकाळी पाहिलं तर बगळे माना टाकून पडलेले. थंडीत हे व्हायचंच. त्यांची उरलीसुरली हवा काढून घड्या घातल्या. हंस मात्र होता तसा टणक होता, म्हणून शिवकुमारनं तो तसाच टेम्पोत घातला आणि घरामागच्या पत्र्याच्या गोदामात खुर्च्यांच्या थप्प्यांवर ठेवून दिला.

अप्पांना धाप लागायला लागली ती त्याच आठवड्यात. ओटा चढले की दाराला धरून उभे राहायचे. मग बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, सगळं स्वच्छ. वय झालं म्हणाले आणि तोंडात ओढायचा पंप लिहून दिला. अप्पा तो ओढत आणि कडू लागतो म्हणून तोंड वाकडं करत, बाकी फरक शून्य. बंडी खांद्यावरून घसरायला लागली. वैजयंतीची सासू चन्नबसम्मा त्यांना दूधभात भरवायला लागली, तेव्हा शिवकुमारनं बहिणीला फोन करून एकदा येऊन जा म्हणून सांगितलं. असा निरोप कधी देतात हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वैजयंती त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन, बादलीत नळ सोडून, पोटभर रडली.

हंस अजून टणकच होता. प्लास्टिकचा माल कितीही चांगला असो, बुचातून थोडी थोडी हवा जातेच, हे तिला माहीत होतं, आणि सुरुवातीला तिनं कौतुकच केलं की एवढा एक माल तरी चांगला निघाला. पुढच्या ऑर्डरच्या आधी माळ तपासावी म्हणून ती एका दुपारी गोदामात गेली, डबीत नवे सेल घातले आणि दिवे नीट दिसावेत म्हणून दार लोटून घेतलं. माळ लागली. सगळे दिवे ठीक होते. तरी ती तिथंच उभी राहिली, कारण हंसाच्या छातीवरची माळ प्लास्टिकमध्ये रुतत चालली होती. दिवे खोल गेले, दोरा करकचला, मग सावकाश सगळं सैल झालं आणि माळ किंचित लोंबली. थोडं थांबून ती पुन्हा रुतायला लागली.

पत्रे तापतात, हवा फुगते, असं ती स्वतःशी म्हणाली. पण पत्रे दिवसातून एकदाच तापतात. तिनं हंसाच्या छातीवर तळहात ठेवला आणि पुष्कळ वेळ तसाच राहू दिला. मग माळ बंद करून ती घरात आली. अप्पा खाटेवर झोपले होते. त्यांचा श्वास गळ्यातल्या गळ्यात, चिमणीसारखा भुरुभुरु चालला होता; पोट हलत नव्हतं. पूर्वी अप्पा झोपले की अख्ख्या घराला कळायचं. एक लांब, खोल श्वास, शेवटाला थोडा थांबा, मग दुसरा. लग्न होऊन आल्यावर पहिले काही दिवस तिला त्या आवाजानं झोप येत नसे आणि पुढं त्याच्याशिवाय येईना. तो श्वास तिच्या तळहाताला आता लागून गेला होता.

तिनं शिवकुमारला सांगितलं. तो हसला नाही, एवढं त्याला दिलं पाहिजे.

"पत्र्याखाली हवा फुगतीच गं. तुला झोप न्हाई चार दिस झाले, जराशी पड." मग जाता जाता म्हणाला, "अन् उद्या तेची हवा काढून ठिव. पुढच्या ऑर्डरच्या लोकायला निळी माळ पायजे म्हनायलेत. मी परभणीहून आणतो."

हवा काढायची म्हणजे बूच ओढायचं आणि अंगावर गुडघा देऊन बसायचं. बगळ्यांची तिनं कितीदा काढली होती. फस्स करून येते, तोंडावर रबराचा वास येतो, संपलं. गोदामाच्या फटींतून ती कुठं जाते, कोण बघतं? पण ही हवा तशी निघून गेली आणि इकडं खाटेवर काही झालं, तर ती कुणाला काय सांगणार होती? न काढावी तरी अप्पांचं उरलं होतं किती? सारी रात्र तिनं हाच विचार केला, आणि पहाटे उठून चूल पेटवताना तिला तो अगदी सोपा वाटला. ज्याचं आहे त्याला द्यावं.

त्या दिवशी दुपारी शिवकुमार परभणीला गेलेला आणि चन्नबसम्मा मठात. वैजयंतीनं हंस काखेत धरून अंगण ओलांडलं, मान वाकवून त्याला दारातून आत घेतलं आणि खाटेला लावून ठेवलं. माळ अंगावर तशीच होती.

"अप्पा, तोंड उघडा."

रोजचाच पंप असेल असं समजून अप्पांनी डोळे न उघडता तोंड उघडलं. तिनं हंसाचं बूच काढलं, नळी त्यांच्या ओठांत दिली आणि बोटांनी ओठ भोवती दाबून धरले. फस्स असा आवाज आलाच नाही. तहानलेल्यानं तांब्याला तोंड लावावं तसे अप्पा ओढत होते, घोट घोट, कपाळाला आठी घालून. हंसाची मान आधी लवली. मग पंख बसले. मग माळ अंगावरून घसरत घसरत जमिनीवर गोळा झाली. एवढ्या थोरल्या हंसातली हवा एका म्हाताऱ्याच्या छातीत मावली कशी, हा प्रश्न तिला त्या वेळी पडला नाही, कारण अप्पांचं पोट वर-खाली व्हायला लागलं होतं आणि ती त्यांचे पाय धरून हुंदके देत होती.

संध्याकाळी अप्पांनी भाकरी मागितली. नुसती मागितली नाही, ठेच्याबरोबर मागितली. चन्नबसम्मानं डॉक्टरांना दुवा दिला, मठात नारळ फोडला, आणि भेटायला आलेल्या नणंदेला वैजयंतीनं पुरणपोळ्या करून घातल्या. हंसाबद्दल ती कुणाशी बोलली नाही. निळी माळ बांधून, नव्या पंपानं भरून, हंस ऑर्डरीला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसारखाच मऊ पडला. ते पाहून तिला जो आनंद झाला तो सांगता येण्यासारखा नव्हता.

त्यानंतर एका सकाळी ती ओट्यावर बसून अर्ध्या भरलेल्या बगळ्यावर माळ बांधत होती. अप्पा शेजारी चहा पीत होते. बगळ्याची नळी त्यांच्याच बाजूला होती.

"त्याला तोंड लावू नका बरं," ती थट्टेनं म्हणाली. "एक अख्खा हंस भरला, तर महिनाभर खाट धरली तुमी."

"अख्खा कुठं?" अप्पा म्हणाले. "अर्धा भरला म्या. तू माळ बांधून गेलीस, अन् मला घेरी आल्यावानी झालं. तिथं तळ्याच्या कडंला एक जण बसलेला. म्हनला, आणा इकडं. राहिलेला समदा त्यानंच भरला."

वैजयंतीचा हात गाठीवर थांबला. "कोण व्हता?"

"काय की. वऱ्हाडातला असंल. आपल्या वळखीचा न्हवता." त्यांनी बशीतला चहा संपवला. "लय दमाचा गडी पर. एकदा तोंड लावलं ते भरस्तोर काढलंच न्हाई."

"मधी थांबला न्हाई?"

"एकदाबी न्हाई. उपकार झाले बघ तेचे."

तिनं ती गाठ मारली, पुढचीही मारली. मग उठून आत गेली आणि उगाच एक भांडं घासून ठेवलं.

दुपारी जेवणं झाल्यावर अप्पा खाटेवर आडवे झाले. वैजयंती भिंतीला टेकून जवळच बसली. तिला तिथं काही काम नव्हतं, पण उठवतही नव्हतं. थोड्या वेळात अप्पांना झोप लागली आणि तो ओळखीचा श्वास नाकातून सुरू झाला, लांब, खोल, शेवटाला थोडा थांबणारा. ती ऐकत राहिली. किती घाबरलो आपण उगाच, असं तिला वाटलं. मग तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडं गेलं. ओठ जरासे उघडे होते. नाकातून श्वास बाहेर येत होता आणि त्याच वेळी तोंडातून दुसरा आत जात होता. नाकातला येऊन गेला, थांबला, पुन्हा आला. तोंडातला कुठंच थांबत नव्हता. तो आत जातच होता.

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं, "झोपले का गं?"



"एक जण झोपलेत," ती म्हणाली.