पहिल्या पायरीची गोळी

"पिवळी गोळी बंद नाही झाली हो काका, ती फक्त वरच्या पायरीवर गेलीय," औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, आणि काचकाका उगीचच दुकानाच्या वरच्या फळीकडे बघू लागले.

मागे रांग होती, तरी बाईने त्यांना नीट समजावलं. विमा आहे, विम्यात औषधं बसतात, पण सगळी सारखी बसत नाहीत. कंपनीची एक यादी असते आणि त्या यादीला पायऱ्या असतात. काकूंच्या हाताच्या थरथरीवरची पिवळी गोळी नव्या वर्षापासून दुसऱ्या पायरीवर सरकली होती. ती विम्यातून हवी असेल तर आधी पहिल्या पायरीची पांढरी गोळी महिनाभर घेऊन बघायची. ती लागू पडली नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तरच पिवळी मंजूर. महिन्याभरात काहीच कळवलं नाही, तर पांढरी मानवली असं धरून कंपनी मोकळी, आणि पिवळीचं दार वर्षभर बंद.

"म्हणजे आधी हरायचं, मग औषध मिळायचं," काका म्हणाले.

"तसंच म्हणा."

पदरचं घालून पिवळी घ्यावी, तर तेवढी त्यांची ऐपत नव्हती. त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची डबी खिशात टाकली आणि ते घरी निघाले.

काचकाका म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारे. सगळं आयुष्य लोकांची नजर सुधारण्यात गेलं, पण त्यांचे स्वतःचे डोळे कायम काचेवर, त्यामुळे गावात कोण कुठे काय करतं याचा त्यांना पत्ता नसे. तो काकूंना असे. काकूंनी निम्म्या गावाचे पडदे शिवले होते, आणि ज्या घराचा पडदा शिवला त्या घरातलं सगळं कळतं, असं त्या म्हणायच्या. हात थरथरू लागले तेव्हा शिवण सुटलं. पिवळ्या गोळीने निदान कप धरता येई, बटण लावता येई, स्वतःची वेणी स्वतः घालता येई. काकूंचा सगळा तोरा त्या तीन गोष्टींवर उभा होता.

पांढऱ्या गोळीने त्या तिन्ही गेल्या. जेवताना चमचा ताटलीवर वाजत राही आणि काकू त्याच्याकडे परक्याच्या मुलाकडे बघावं तसं बघत. दुपारची गोळी घेतली की त्यांना झोप येई, आणि झोपही अशी, की खिडकीतलं ऊन अंथरुणावरून चढून भिंतीवर गेलं तरी मोडायची नाही.

अशाच एका दुपारी काका कामावरून आले, तर काकू नुकत्याच जाग्या होऊन छताकडे बघत पडल्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"चिमी आली होती," त्या म्हणाल्या.

काका खाटेच्या कडेवर बसले. चिमी त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत जायला लागली त्याच वर्षी तापाने गेली. त्याला इतका काळ लोटला होता, की या दोघांना मूल होतं हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तिचं नाव काढायचं नाही असं घरात कोणी ठरवलं नव्हतं, पण दोघांनीही पाळलं होतं.

"कशी होती?" काकांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"पुढचे दोन दात पडलेत. सारखी जीभ लावून बघत होती."

चिमीचे दात पडलेच नव्हते. ती दात पडायच्या आधी गेली होती. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

पुढे ती रोज येऊ लागली, आणि दर वेळी वाढलेली असे. एके दुपारी ती सायकलवरून पडली आणि रडायच्या आधी कोणी बघितलं का ते तिने बघितलं. एकदा तिने आईशी दोन शब्द न बोलता दार आपटलं. ते सांगताना काकूंना असं हसू लोटलं, की काकांनी त्यांना पाणी दिलं. एकदा ती चष्मा लावून आली. काकांनी लगेच नंबर विचारला.

"स्वप्नात नंबर दिसतो का कुठे?"

"काच कडेला जाड होती की मध्ये?"

काकूंनी डोळे मिटून आठवलं. कडेला, त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत बसून काकांनी सकाळभर लांबचं न दिसणाऱ्यांच्या काचा घासल्या, आणि त्यांतली प्रत्येक त्यांना पोरीची वाटत राहिली. बाहेर मालक कोणावर तरी ओरडत होता. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

खरं सांगायचं तर म्हातारा लालचावला होता. काकूंचा हात ताटलीवर वाजतोय हे त्याला दिसत होतं, आणि तरी डॉक्टरकडे जायचा विषय तो काढत नव्हता. दुपारी घराचं दार उघडलं की तो चपला न काढताच खाटेकडे जाई. लेक आता नोकरीला लागली होती. तिची स्वतःची खोली होती आणि त्या खोलीत पसारा होता. आणखी काय काय असेल, या विचारात त्याचा रस्ता कधी संपे ते कळतही नसे.

मग काकू जिन्यात पडल्या. कठडा धरायला गेल्या आणि हाताने ऐन वेळी दगा दिला. काका आले तेव्हा त्या खालच्या पायरीवर बसून होत्या. केस सुटलेले, कपाळावर टेंगूळ, आणि ते लपवायला हात वर न्यावा तर हातच जागेवर राहीना. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं, महिना संपत आलाय, असं ते म्हणाले.

"मला पांढरी चांगली मानवते, असं सांगणार मी," काकू म्हणाल्या.

"अगं, पडलीस तू. हाड मोडलं असतं."

"मोडू दे. एवढ्या वर्षांत एकदा आली ती. गोळी बदलायला निघालात लगेच."

"लगेच नाही निघालो," काका म्हणाले. "तुझे हात दिसत होते मला. मी गप्प बसलो. मलाही दुपारची वाट बघायची सवय लागलीय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी कपाळ नवऱ्याच्या खांद्याला टेकवलं, आणि दोघं जिन्यातच बसून राहिले.

दुसऱ्या दुपारी, डॉक्टरकडे निघायच्या आधी, काकू पुन्हा झोपल्या. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. पडदा फुगत होता, खाली बसत होता. काकू जाग्या झाल्या तेव्हा या वेळी त्यांना हसू नव्हतं.

"केस पांढरे झालेत तिचे," त्या म्हणाल्या. "माझ्याएवढी झालीय. कप माझ्या हातात देताना सांडला. तिचाही हात हलतोय हो."

काकांनी अंथरुणावरचा त्यांचा हात धरून ठेवला.

"अशीच वाढत गेली तर माझ्या पुढे जाईल. आणि मग? एकदा पोचवलंय मी तिला. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने." त्या उठून बसल्या. "आत्ता ठीक आहे ती. चालतेय, बोलतेय. तिथेच राहू दे तिला. चला, माझी वेणी घाला."

काकांना वेणी येत नव्हती. त्यांनी कशीबशी घातली आणि काकूंनी ती न बघताच पायांत चपला सरकवल्या.

डॉक्टर भले होते. गोळी लागू पडली का, हे पेशंटला स्वतः सांगावं लागतं, म्हणाले. काकूंनी हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

"नाही पडली," त्या म्हणाल्या.

डॉक्टर लिहू लागले. आणखी काही त्रास, झोप वगैरे कशी, असं त्यांनी विचारलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. झोप चांगली लागते, त्या म्हणाल्या, आणि स्वप्नांचा विषय त्यांनी काढला नाही. काकांनी मान खाली घातली.

मंजुरी आली, पिवळी गोळी परत सुरू झाली. हात हळूहळू निवले. चमचा वाजायचा थांबला आणि घर इतकं शांत झालं, की काकांना चुकल्यासारखं वाटू लागलं. दुपारी काकू आता थोडाच वेळ पडत आणि उठत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नुसती झोप असे. काका सवयीने खुर्ची ओढून बसत, काही विचारत नसत, आणि थोड्या वेळाने उठून चहा टाकत.

एका दुपारी मात्र त्यांनी दोन कप समोर ठेवले आणि ते बसूनच राहिले.

"आत्ता काय करत असेल गं ती?" ते म्हणाले.

काकूंनी कप उचलला. थेंबही सांडला नाही. त्यांनी खिडकीतल्या उन्हाकडे बघून वेळेचा अंदाज घेतला.

"जेवली असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही घ्या चहा. निवतोय."