कोरडा ट्रे

दत्ताराम ज्या जागी गेले, तिथे अनसूयाबाईंनी दिवा लावला होता आणि शेजारी पाण्याचं फुलपात्र ठेवलं होतं. तेरावं होईपर्यंत गेलेला माणूस पाणी प्यायला येतो, ही त्यांच्या रत्नागिरीकडची समजूत. पण फुलपात्रातलं पाणी काही कमी होईना. रोज सकाळी त्या वाकून बघत आणि मुलाला म्हणत, "रुसलेत रे अजून."

कोणावर रुसलेत, ते यतीनला सांगायची गरज नव्हती. बाबांच्या किडन्या निकामी झालेल्या, डॉक्टरांनी पाणी मोजूनमापून द्यायला सांगितलेलं. शेवटच्या रात्री ते दोन घोटांसाठी गयावया करत होते आणि हा शहाणा "आता सकाळी, बाबा" म्हणत राहिला. सकाळ त्यांना दिसलीच नाही. तेव्हापासून यतीनच्या घशाखाली पाणी सुखाने उतरत नव्हतं.

त्यात, तो जाहिरातींचे फोटो काढायचा, तर एका सरबतवाल्या गिऱ्हाइकाचा फोटोंसाठी तगादा. बेव्हर्ली पार्कमधल्या त्यांच्या वन बीएचकेमध्ये टेबल मांडायला जागा एकच, बाबांचा पलंग होता ती. फ्लॅशने उडतं पाणी टिपायचं तर खोलीत मिट्ट काळोख हवा. आई दुपारची आडवी झालेली बघून त्याने पडदे ओढले, दिवा आणि फुलपात्र गुपचूप हॉलमध्ये नेऊन ठेवलं, ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास मांडला आणि वरून लिंबाची फोड सोडली.

फ्लॅश लखकन उडाला. फोटो झकास आला होता, पाण्याचा उंच तुरा आणि सुटे थेंब. खूश होऊन त्याने ट्रे पुसायला फडकं घेतलं. ट्रे कोरडा होता.

टेबल, लादी, भिंत, सगळं चाचपलं. कुठे ओल नाही. ग्लास मात्र अर्धा झालेला. भरून पुन्हा फोड सोडली, पुन्हा तेच. मग त्याने फोटो मोठा करून पाहिला. सगळे थेंब एकाच बाजूला झुकले होते, बाबांची उशी असायची त्या बाजूला. यतीन मागे सरकत दाराकडे वळला.

"दिवा कशाला हलवलास?" दारात अनसूयाबाई उभ्या होत्या.

"आई, पाणी उडतंय, पण खाली पडतच नाहीये."

त्यांनी ट्रेवरून हात फिरवला. त्या घाबरल्या नाहीत. "माझ्या हातचं नको होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "तू दे."

यतीनने तांब्या आणला आणि ग्लास भरला तरी ओतत राहिला. "घ्या बाबा. आता कोणी मोजत नाही." काठावरून ओसंडणारं पाणी अंधारात कुठे जात होतं, दिसत नव्हतं. घटाघट आवाज तेवढा येत होता. तांब्यामागून तांब्या संपला.

मग आवाज थांबला. पाणी ट्रेमध्ये पडलं, ट्रेमधून टेबलावर आलं, टेबलावरून यतीनच्या पायांवर.

"निवले," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

यतीनने तांब्या पुन्हा भरून आणला. "अजून एक घोट, बाबा," तो रडत म्हणाला. "थांबा ना." पाणी नुसतं सांडत राहिलं.