सात कप्प्यांची डबी

माझी बायको बूट घालता घालता गेली. एक पाय बुटात, दुसरा नुसत्या मोज्यात. सकाळी चालायला निघाली होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे कुणालाही होऊ शकतं, असंही म्हणाल्या. कुणालाही म्हणजे काय? मी होतो ना हाताशी! सिगरेट मी ओढायचो, तळलेले बटाटे मी हाणायचो, जिना दिसला की मी लिफ्टकडे वळायचो. लिफ्टच्या दुरुस्तीत जन्म गेला माझा, तेवढा हक्क आहे, असं वर तोंड करून सांगायचो.

ही मात्र नेमाची. तिची एक प्लास्टिकची डबी होती, दर वाराला एक असे सात कप्पे. त्यात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या आणि आणखी काय काय. मीठ कमी, झोप वेळेवर, चालणं रोज. मी चेष्टा करायचो. "शंभरी गाठून काय दिवे लावणार आहेस?" ती चिडायची नाही. नुसती आतल्या खोलीकडे बघायची.

आतल्या खोलीत चिऊ असायची. आमची लेक. वय चाळिशीला टेकलेलं, पण समज सहा वर्षांच्या पोरीची. बटणं लावता येतात, गॅस पेटवता येत नाही. परक्या माणसानं हात धरला तर दोन दोन दिवस जेवत नाही. आपल्यामागे या पोरीचं कोण, ही एकच धास्ती माझ्या बायकोनं आयुष्यभर घेतली. "अहो, लिफ्ट बंद पडायची वाट बघता का तुम्ही? आधीच तेल घालता ना? मग जरा स्वतःलाही घाला की," म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

ती गेल्यावर मला काही वाटेनासंच झालं. रडू नाही, राग नाही, भूक नाही. भेटायला आलेल्यांना मीच चहा करून पाजला. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल कसा आपला राहत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. लोक म्हणाले, खंबीर आहे हो माणूस. खंबीर कसला डोंबलाचा. पण त्या बधीरपणातही एक गोष्ट लख्ख कळत होती. आता मला मरायची सोय नव्हती.

मी सिगरेटचं पाकीट कपाटावर भिरकावलं. बायकोचे जुने चालायचे बूट होते तिथेच माझ्यासाठी नवे आणून ठेवले. आणि तिनं भरून ठेवलेली डबी उघडून, त्या वाराचा कप्पा तळहातावर ओतून, सगळं गिळून टाकलं. रोज गिळत राहिलो. डबी रिकामी झाली की तिच्याच बाटल्यांमधून तशीच भरायचो. कशात काय आहे ते बघितलंही नाही. शेवटी एकदा पोट बिघडलं म्हणून डबी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो काका, यातल्या निम्म्या गोळ्या पाळी गेलेल्या बायकांच्या आहेत!"

त्यांनी रक्त तपासलं. जे कमी होतं त्याची एकच गोळी ठेवली, बाकी सगळं बंद केलं. "सिगरेट सोडलीत ना, ते या सगळ्या डबीपेक्षा मोठं. तेवढं टिकवा. आणि चाला." बरं म्हटलं. घरी येऊन सात कप्प्यांत सात गोळ्या टाकल्या.

दुसऱ्या दिवशी डबी गायब. बूटही गायब. शोधून शोधून थकलो, तर दोन्ही धुण्याच्या मशीनमध्ये सापडले. पुन्हा जागेवर ठेवले. पुन्हा गायब. या वेळी बूट चिऊच्या गादीखाली निघाले आणि गोळ्या कुंडीतल्या मातीत. मग मात्र माझा पारा चढला. "चिऊ, डोकं फिरवू नकोस माझं! कुणासाठी चाललंय हे सगळं?" तिनं कानांवर हात ठेवले आणि ती भिंतीकडे तोंड करून डोलत बसली. आईसारखी समजूत काढायला मला कुठे येते. मी तसाच उभा राहिलो.

सकाळी चहाच्या कपाशेजारी डबी आपोआप परत आली होती. चिऊ समोर बसली होती. तिच्या ताटलीतलं अंडं गार होऊन गेलं होतं, तिनं त्याला हात लावला नव्हता. मी डबी उघडली. प्रत्येक कप्प्यात सिगरेटचा तुकडा, कप्प्यात मावेल एवढाच मोडून, नीट आडवा ठेवलेला. पोरगी खुर्चीवर चढून कपाटावरून पाकीट काढून घेऊन आली होती. एरवी खुर्चीवर चढायला घाबरते ती.

"हे काय गं?"

"आईनं गोळ्या खाल्ल्या. आई गेली." ती डबीकडे बघत म्हणाली. "आईनं बूट घातले. आई गेली. तू हे ओढलंस. तू आहेस."

तिनं डबी माझ्याकडे सरकवली.

"हे घे ना, बाबा. तू नको जाऊस."

तिचं काय चुकलं ते तुम्ही मला सांगा. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं तेच ती बोलत होती. आणि मी समजत होतो की मला जगवायची काळजी या घरात मला एकट्यालाच आहे.

ती अंड्याला हात लावेना. मी त्या वाराचा तुकडा उचलून ओठांत धरला. पेटवला नाही. तिनं निरखून पाहिलं. पेटवणं तिच्या लेखी महत्त्वाचं नसावं, कारण तिनं काटा उचलला आणि खायला सुरुवात केली.

आता डॉक्टरीणबाईंची गोळी मी न्हाणीघरात कडी लावून घेतो, पूर्वी सिगरेट ओढायचो तशी, चोरून. चालायला चपला घालतो. चपलांना तिची हरकत नाही. न पेटवलेला तुकडा ओठांत, माझं मनगट तिच्या मुठीत, असे आम्ही निघतो. लोक बघतात, बघू देत.

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा ओठाला तंबाखू कडू लागली. इतक्या दिवसांत तोंडाला लागलेली ती पहिली चव. मग डोळ्यांतून जे यायला लागलं ते थांबेचना, आणि चिऊनं मनगट आणखी घट्ट धरलं.