भोळ्यांचा पिंजरा

भात संशोधन संस्थेत सगळे त्यांना मामा म्हणत. काचेच्या खोलीत, जाळीच्या पिंजऱ्यात ते तुडतुडे सांभाळत. भाताच्या बुंध्याला चिकटून रस पिणारे, तिळाएवढे तपकिरी किडे. सगळी दुनिया ज्यांच्या जिवावर उठलेली, त्यांना मामा कोवळी रोपं भरवत आणि कुणी हसलं तर म्हणत, जावयाचेही एवढे लाड होत नाहीत.

लाड उगीच नव्हते. या पिंजऱ्यातल्या कुळाला पिढ्यान्‌पिढ्या औषधाचा वारा लागलेला नव्हता. मामांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, भोळे. शेतांतून धरून आणलेले ते बनेल. दोघांवर एकच औषध मारायचं. भोळे थेंबात गार होत. बनेलांना त्याहून किती जास्त लागतं, त्यावरून ते किती निर्ढावलेत ते समजे, आणि कुठलं औषध अजून चालतं ते शेतकऱ्यांना कळवलं जाई. भोळे बिघडले तर सगळं मापच खोटं.

उन्हाळ्यात खोली थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. ते सुरू होईपर्यंत पिंजऱ्यात मूठभर भोळे उरले. संस्थेच्या मागे भाताचा एक तुकडा होता, या किड्यांच्या खाऊसाठीच मामांनी राखलेला. तिथे औषधाचा थेंब कधी पडू दिला नव्हता. त्या भातावर तुडतुडे होतेच. आपल्याच अंगणातली लेकरं ही, असं मनाशी म्हणत मामांनी त्यांना अलगद नळीत ओढून घेतलं आणि पिंजऱ्यात सोडलं. पिंजरा पुन्हा गजबजला. जीव असा भांड्यात पडला की विभागप्रमुख मॅडमना सांगायचंही राहून गेलं.

पुढच्या चाचणीत भोळे आणि बनेल यांच्यातला फरक एकदम कमी निघाला. मॅडम खूश झाल्या. जुनं औषध पुन्हा लागू पडतंय, असं पत्रक निघालं. मामांना कुठला धीर? त्यांनी धाकट्या बहिणीला लगेच फोन करून तेच औषध मारायला सांगितलं. नवरा गेल्यापासून शेती तीच बघायची. तिच्या भातात तुडतुडे पडले होते आणि लोंब्या नुकत्या बाहेर येत होत्या.

नंतरच्या चाचणीला मॅडमनी मामांना बोलावून घेतलं. औषध मारलेल्या रोपांवर भोळे निवांत रस पीत बसले होते.

"मामा, यांच्यात बाहेरचं कुणी आलंय का?"

मामांनी मागच्या तुकड्याची हकीकत सांगितली. तिथे कधी फवारलेलं नाही, हे दोनदा सांगितलं. मॅडमनी हातातली वही मिटली.

"शेत तुमचं, मामा. तुडतुडे कुठे तुमचे? ते वाऱ्यावर येतात, कुठकुठल्या शेतांतलं औषध पचवून."

मामांना हे माहीत नव्हतं असं नाही. वाऱ्याबरोबर दिव्याखाली उतरलेले थवे त्यांनीच कितीदा झाडून काढले होते. पण आपल्या हाताने वाढवलेल्या भातावर येऊन बसलं, ते त्यांना आपलंच वाटलं.

बनेल नरमले नव्हते, भोळे निर्ढावले होते. मॅडम म्हणाल्या की मीही नुसता फरक बघत बसले, भोळ्यांकडे पाहिलंच नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. पत्रक मागे घ्यायला त्या घाईने निघून गेल्या.

मामांनी बहिणीला फोन लावला. तिची फवारणी झाली होती. गुण येईना म्हणून पुन्हाही झाली होती. शेताच्या मधोमध भात गोल गोल वाळत चाललाय, ती सांगत होती. तुडतुडे खाणारे कोळी मात्र पहिल्याच फवाऱ्याला संपले, जाळी नुसती लोंबतायत. दादाने सांगितलंय म्हटल्यावर तिने दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

मामांनी चूक कशी झाली ते सांगितलं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग आता काय मारू, दादा?"

मामा पिंजऱ्याकडे बघत राहिले. असल्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं हा पिंजरा द्यायचा. दुसरीकडून नवे भोळे मागवायचे, ते वाढवायचे, त्यांच्यावर औषधं तपासायची. तोवर तिच्या शेतात उभं काय राहणार?

"काही मारू नकोस. शेतातलं पाणी काढून टाक, बुंधे कोरडे पडले की तुडतुडे कमी होतात. मी येतो."

येऊन काय करणार, हे तिने विचारलं नाही. "ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.