डाव्या हाताची मुरड

थर्झाने नवऱ्याची जेवणाची पिशवी मागच्या दारात उलटी करून झटकली, तेव्हा पायरीवर पास्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंजीचं, एक टोक पडलं. अंगठ्याएवढं, कडक, त्यावर चिनी मातीने माखलेल्या बोटांचे पांढरे ठसे. चिनी मातीच्या खाणीतली माणसं मळक्या हातांनी हेच टोक धरून बाकीची पास्टी खातात आणि टोक तिथंच फेकून देतात. आज सायलस फेकायला विसरला होता.

ती ते कोंबड्यांपुढे टाकणार, एवढ्यात तिचा हात थांबला. टोकावर पिठाच्या वळीचा ‘एस’ होता, ती घालायची तसाच. खाणीत सगळ्यांच्या पास्ट्या एकाच तव्यावर गरम होतात, तेव्हा अदलाबदल नको म्हणून प्रत्येकाच्या पास्टीवर त्याच्या नावाचं अक्षर असतं. पण काठाची मुरड उलटी होती. थर्झाच्या चुण्या चौतीस वर्षं एकाच बाजूला कलत आल्या होत्या. या दुसऱ्या बाजूला कलल्या होत्या. अशी मुरड डावखुऱ्या हाताचीच असते, हे गावातली शेंबडी पोरगीसुद्धा सांगेल.

तिने ते टोक ॲप्रनच्या खिशात टाकलं.

रात्रीच्या जेवणाला तिने रश्श्याची ताटली त्याच्यापुढे ठेवली.

“आज पास्टी कशी झाली होती?”

“नेहमीसारखी.” सायलसने मान वर केली नाही. “तुझ्या हातची ती तुझ्या हातची.”

“संपवलीस सगळी?”

“मग काय टाकून देतो?” त्याने रश्श्यातले बटाटे इकडचे तिकडे केले आणि ग्लास पुढे सरकवला. “थोडं पाणी दे गं.”

हा तिसरा ग्लास. थर्झाच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर पोटभर खाऊन येणाऱ्याला घरी नुसती तहानच लागणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे उठली. बटाटा, सलगम, कांदा, मांसाचे बारीक तुकडे. मीठ घातलं. रसाचं बोट जिभेवर ठेवून ती जरा थांबली, मग आणखी एक चिमूट टाकली. थोडा विचार करून आणखी एक. कमी पडायला नको. पास्टी भाजून निघाली तेव्हा तिने मुरडीवरून बोट फिरवून बघितलं. चुण्या आपल्या बाजूलाच होत्या.

सायलस पाचलाच निघाला. पाळी सातची. गेले दोन महिने तो असाच निघायचा. बॉयलर लवकर पेटवावा लागतो म्हणायचा. थर्झाने कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या बॉयलरवर संशय घेणारी बाई ती नव्हती, निदान कालपर्यंत तरी.

सोमवारी धुणं काढल्यावर तर खात्रीच पटली. चिनी माती पाण्यात दुधासारखी सुटते आणि वाहून जाते. सायलसच्या सदऱ्याच्या बाह्यांना लागलेलं पांढरं सुटेना, उलट बोटांना खळीसारखं चिकटायला लागलं. ते पीठ होतं. खाणीत कुणी पीठ मळत नाही.

गावात डावखुऱ्या बायका तीन. एक शाळेतल्या बाई, त्यांना साधा चहासुद्धा धड जमत नाही. दुसरी पोस्टमनची सासू, ती गेली पाच वर्षं अंथरुणावर. उरली ओलिव्ह ट्रेथवी. विधवा, पंचेचाळिशीची, हसली की गालाला खळी पडणारी. चॅपेलच्या चहापार्टीत दरवर्षी थर्झाच्या पास्ट्या सगळ्यांत आधी उडायच्या. या मे महिन्यात मात्र ओलिव्हच्या संपल्या आणि थर्झाच्या नऊ परत आल्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं, थर्झा मनाशी म्हणाली. आधी टेबल घेतलं, आता नवरा. पिळताना तिने सदऱ्याचं एक बटण तोडलं.

मंगळवारी सायलस बाहेर पडल्यावर तिने ॲप्रनवरच कोट चढवला आणि त्याच्या मागे निघाली. खाणीची वाट सरळ जाते. सायलस चॅपेलपाशी डावीकडे वळला, ओलिव्हच्या परसाचं फाटक उघडून आत गेला. कडी न वाजवता. ती माहितीची कडी होती.

चौतीस वर्षं ज्याच्यासाठी आपण पहाटे उठलो त्याने असं करावं, या विचाराने थर्झाला रडू यायला लागलं. पण रडत आत जायचं नाही एवढं तिने ठरवलं. ती परसात शिरली. मागच्या दाराशी, डुकराच्या कुंपणाशेजारी, एक बादली होती. तिच्यात बटाट्याच्या सालींवर तीन पास्ट्या पडलेल्या. मुरड तिची, ‘एस’ तिचा. एकीचा एकच घास घेतलेला.

तिने ती उष्टी पास्टी उचलली आणि दार लोटलं.

ओलिव्ह केसांना फडकं बांधून, स्टोव्हजवळच्या खुर्चीत चहा पीत बसली होती. टेबलाशी सायलस उभा होता. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत पीठ, जीभ दातांत धरलेली. डाव्या हाताच्या चिमटीत त्याने पास्टीचा काठ पकडला होता. ज्या हाताने तो फावडं धरायचा, जेवायचा, चौतीस वर्षांपूर्वी ज्याने तिच्या बोटात अंगठी घातली होती, त्याच हाताने. एवढ्या वर्षांत तो हात पिठात बघितला नव्हता, म्हणून तिला तो आठवलाच नव्हता.

“मी काही केलं नाही हं, थर्झे,” ओलिव्ह म्हणाली. “मी नुसता ओव्हन देते. आणि शिव्या. दोन महिने शिकवतेय या ठोंब्याला, अजून चुणीला चुणी लागत नाही.”

“आणि माझ्या पास्ट्या डुकराला?”

“डुकराला कशाला घालू? मरेल ते. त्या पुरायच्यात. एवढं मीठ—”

“ओलिव्ह,” सायलस म्हणाला.

ओलिव्हने कप तोंडाला लावला.

थर्झाने हातातली पास्टी चावली. मग टेबलावर निवत ठेवलेली, वेडीवाकडी मुरड असलेली पास्टी मोडून तिचाही तुकडा तोंडात टाकला. एक गार, एक गरम. एवढाच फरक.

“करपतंय काहीतरी,” ओलिव्ह एकदम म्हणाली. सायलसचं नाकही वर झालं आणि तो ओव्हनकडे धावला. थर्झा जागच्या जागी उभी होती. दार उघडल्यावर धूर दिसला, तेव्हा कुठे तिला कळलं.

फेब्रुवारीतल्या तापात नाकाचा वास गेला, त्याच्याबरोबर जिभेची चवही गेली. येईल परत, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. नंतर सांगायची लाज वाटली. चव न कळणारी बाई स्वयंपाकघरात काय कामाची? हाताला सवय आहे, हात चुकणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

“तुला वाईट वाटेल म्हणून...” सायलस म्हणाला. करपलेली पास्टी त्याच्या हातात तशीच होती.

“सात वाजतील,” ती म्हणाली. “कामावर जा.”

बुधवारी पहाटे तिने पीठ लाटलं, बटाटा, सलगम, कांदा, मांस पसरलं आणि माडीकडे तोंड करून हाक मारली. सायलस सदऱ्याची बटणं लावत खाली आला. तिने मिठाचं भांडं टेबलावर ठेवलं, त्याच्या डाव्या हाताशी.

“किती घालू?”

“मला विचारू नकोस. मला कळत नाही.” हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती, आणि बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तेवढं भयंकर वाटलं नाही.

त्याने एक चिमूट घातली. तिने पारी दुमडून काठ त्याच्याकडे वळवला.

“आणि मुरड नीट घाल,” ती म्हणाली. “नाहीतर खाणीत म्हणतील, थर्झाचा हात बिघडला.”